आमची वाटचाल : डोक्याला मार लागल्यानंतरची रोजची नोंद

कबड्डीत डोक्याला मार बसतो तो बहुधा पकडीत. मांडी धरायला खाली गेलेल्या बचावपटूच्या कपाळावर चढाईपटूचा गुडघा आदळतो, नाहीतर दोन्हीकडून झेपावलेल्यांची डोकी एकमेकांवर आपटतात. शुद्ध गेली नाही म्हणजे काही झालं नाही, असं समजून खेळाडू पुन्हा मॅटवर येतो. पण कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूचं काम तात्पुरतं बिघडतं तेव्हा, बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही आणि नेहमीच्या स्कॅनमध्येही सहसा काही दिसत नाही. उरतात ती लक्षणं, आणि ती सांगायची खेळाडूनेच. आमचं ॲप त्या लक्षणांची नोंद ठेवतं, निदान करत नाही.

पाया ‘स्कॅट ६’चा, म्हणजे खेळाडूंमधलं कन्कशन तपासायच्या प्रमाणित चाचणीचा. खेळातल्या कन्कशनवरच्या २०२२च्या ॲमस्टरडॅम परिषदेनंतर २०२३मध्ये ही चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात २२ लक्षणं आहेत, प्रत्येकाला ० ते ६ गुण, म्हणजे बेरीज जास्तीत जास्त १३२. तिचं डिजिटल रूप करायला परवानगी लागते. ती आधी घ्यावी, कोड नंतर लिहावा.

सर्वांत जास्त वेळ शब्दांनी खाल्ला. ‘चक्कर’ म्हटलं की कुणी गरगरणं धरतो, कुणी तोल जाणं. यादीत ही दोन वेगळी लक्षणं आहेत. ‘डोकं दुखतं’ आणि ‘डोकं दाबल्यासारखं वाटतं’ हेही वेगळं. ‘धुक्यात असल्यासारखं’ हा शब्दशः अनुवाद मुलांना कळेना, ‘डोकं बधिर झाल्यासारखं’ लगेच कळलं. शब्द बदलला की तो डॉक्टरांकडून तपासून घ्यावाच लागतो, नाहीतर गुण भलत्याच लक्षणाला पडतात.

पहिल्या आवृत्तीत सरकपट्टी होती आणि ती शून्यावरच उभी असायची. हात न लावताच ‘शून्य’ नोंदलं जाई. आता ० ते ६ असे सात चौकोन आहेत, आधीपासून निवडलेला एकही नाही. कालची उत्तरं दाखवत नाही, कारण मुलं तीच पुन्हा भरतात. वेळही ठरलेली : सकाळी, सरावाआधी. हंगामाआधीची मूळ नोंद मात्र प्रत्येकाची हवीच. जागरण किंवा परीक्षा असली की धडधाकट मुलाचेही गुण शून्य नसतात.

उलट्या, झटके, हातापायांत मुंग्या, वाढत जाणारी डोकेदुखी, दुहेरी दिसणं यांतलं एकही ‘हो’ आलं की फॉर्म तिथेच थांबतो आणि रुग्णालयात नेण्याची सूचना येते. पहिले ४८ तास स्क्रीन कमी बघायची असते, म्हणून तेव्हा प्रश्न घरचे किंवा फिजिओ वाचून दाखवतात आणि खेळाडूने सांगितलेली उत्तरंही तेच भरतात.

खेळात परतण्याच्या सहा पायऱ्या, प्रत्येकीला किमान २४ तास. पहिल्या तीन पायऱ्यांवर व्यायामाने त्रास दहापैकी दोन गुणांहून जास्त वाढला किंवा तासाभरात शमला नाही, तर त्या दिवशी थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न. चौथी पायरी म्हणजे पकडीशिवायचा सराव. लक्षणं पूर्ण गेल्याशिवाय आणि डॉक्टरांची लेखी परवानगी चढवल्याशिवाय ती उघडत नाही. प्रशिक्षकांना फक्त चालू पायरी दिसते. ‘उदास वाटतं’ला किती गुण दिले हे निवड करणाऱ्याला दिसणार असेल, तर खरं कोण लिहील?

सध्या ८ ते १२ वयाच्या मुलांची आवृत्ती करतो आहोत. तिथे गुण ० ते ३, आणि मूल व पालक दोघांची नोंद वेगळी घ्यायची. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर आम्ही सरासरी काढत नाही. डॉक्टरांपुढे दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो.