शर्टाआडचं पोट

ऊसतोडीच्या तळावर गरोदर बायांची तपासणी करायची तर दुपारी चारनंतरच जावं लागतं. त्याआधी कोप्यांमध्ये, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांत, म्हाताऱ्या आणि लहान पोरंच सापडतात. मी सांगली जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे नर्स, आहे. कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडून टोळ्या येतात आणि पुढचे चार-पाच महिने आमच्या रजिस्टरात त्यांची नावं चढत राहतात.

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. मी आणि आमच्या आशाताई तळावर पोचलो तर एका वाहिनीची गाडी आधीच उभी होती. वार्ताहर, कॅमेरावाला आणि पुढे टोळी आणणारा मुकादम. त्यांना गरोदर ऊसतोड बाई हवी होती. ‘दिवस जास्त झालेली असेल तर बरं,’ असं वार्ताहर मुकादमाला सांगत होता.

नेमकी तीच बाई माझ्या यादीत होती. वय विशीच्या आसपास, पहिली मुलगी, आता आठवा महिना. नुकतीच फडातून आलेली. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण पाचटाने हात कापतात. बांगड्या वर सारून चिंधीने बांधलेल्या. मी तिला कोपीत बसवलं आणि बीपी घेतलं. १५० वर १००. थोड्या वेळाने पुन्हा घेतलं, तेवढंच. पाय सुजलेले, लघवीत प्रोटीन, हिमोग्लोबिन ७.६. डोकं दुखतंय का विचारलं, तर म्हणाली, ‘ते रोजचंच हाय, बाई.’ सगळी धोक्याची लक्षणं. मी रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावला.

रुग्णवाहिका यायला वेळ होता. तेवढ्यात वार्ताहर आत डोकावला. आधी त्याला ती डोक्यावर मोळी घेऊन चालताना हवी होती. तीस-चाळीस किलोंची मोळी! मी सरळ नाही म्हटलं. मग तो म्हणाला, ‘निदान शर्ट तरी काढायला सांगा, पोट दिसत नाहीये.’

परवानगी मुकादमाने दिलेली होती, नवऱ्याने मान हलवलेली होती. तिला मात्र कोणी विचारलंच नव्हतं.

मला त्या क्षणी मे महिना आठवला. २० मे रोजी दीपिका पदुकोण मुंबईत मतदानाला आली, ढगळ पांढरा शर्ट घालून. दुसऱ्या दिवशी आमच्या उपकेंद्रातसुद्धा बायका मोबाईलवर ते फोटो मोठे करून बघत होत्या. पोट खरं की खोटं, एवढं लहान कसं, एवढं मोठं कसं. ८ सप्टेंबरला तिला मुलगी झाली, तोवर हे चालूच होतं. तिच्याकडे पैसा आहे, चांगले डॉक्टर आहेत, घरी बसायची मुभा आहे. हिच्याकडे यातलं काही नाही. तरी शर्टाच्या आत काय आहे ते आम्हाला दाखव, हे दोघींनाही सांगितलं गेलं. एकीचं पोट संशयासाठी आणि दुसरीचं दयेसाठी. मला याची मनापासून चीड येते.

तिने शर्ट काढला नाही. वार्ताहराने बाहेरूनच विचारलं, ‘ताई, एवढ्या दिवसांत ऊस तोडायला का आलात? बाळाची काळजी नाही वाटत?’

ती उठून बसली. ‘बाळाची काळजी नाय कशी वाटंल? पण मी नाय आले तर कोयता अर्धा व्हतो. अर्ध्या कोयत्याला उचल कोण देतंय?’ आणि मग नवऱ्याकडे हात करून, ‘ते तिकडं उभे हायेत. त्यांनाबी इचारा की. पोर काय माझ्या एकटीचं हाय?’

नवरा-बायको मिळून एक कोयता, हा इथला हिशोब. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर; खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, पडला तर तोही दोघांच्या अंगावर. २०१७ पासून नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, केंद्र सरकारी नोकराला बाप झाल्यावर १५ दिवसांची. कोयत्याला यातलं काही लागू नाही. सरकारच्या मातृवंदना योजनेचे पाच हजार पहिल्या बाळाला मिळतात. हिला तेही मिळाले नव्हते, कारण नोंदणीच्या वेळी ती गावी नव्हती, फडात होती. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या प्रकरणाची २०१९ मध्ये देशभर चर्चा झाली, विधानपरिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही बसली. तेव्हाही कॅमेरे बायांच्या तोंडावरच होते. खाडा कापणाऱ्याला कोणी ‘का’ असं विचारलेलं मी तरी पाहिलं नाही.

रुग्णवाहिका आली. नवरा दारात घुटमळत होता. मी म्हटलं, ‘दादा, तुम्ही सोबत चला. रक्त लागलं, सही लागली तर कोण आहे तिथं?’ तो मुकादमाकडे बघत राहिला. २०२० च्या डिसेंबरात विराट कोहली बाळंतपणासाठी ऑस्ट्रेलियाचा दौरा मध्येच सोडून आला, तेव्हा त्याने जावं की राहावं यावर देशभर वाद झाला; पण त्याची रजा क्रिकेट मंडळाने मंजूर केली होती. या माणसाची रजा मंजूर करणारं कोणीच नव्हतं. शेवटी तो चढला. चढता चढता मला म्हणाला, ‘बाई, दवाखान्यात होतो म्हणून एक कागद द्या.’ मी रेफरल चिठ्ठीच्या मागे लिहून शिक्का मारून दिला.

बातमी लागली. तिच्या तोंडचं ‘बाळाची काळजी नाय कशी वाटंल’ एवढंच ठेवलेलं. उचलीचं, नवऱ्याचं, सगळं कापलेलं. खाली लोकांनी लिहिलं होतं, परवडत नाही तर पोरं कशाला जन्माला घालता.

उपजिल्हा रुग्णालयात तिचं सिझेरियन झालं. मुलगा, वजनाला कमी, पण दूध ओढत होता. टाके काढल्यावर ती गावी गेली नाही, तळावरच परत आली, कारण उचल फिटायची होती. मुकादमाने तो कागद बघितला, खिशात घातला आणि दोघांचाही खाडा लावला. उचलीच्या व्यवहारातच बाळंतपणाची रजा, बाईची आणि बापाची, लिहून घ्यायला हवी, आणि ती पाळली जाते की नाही याला कारखाना जबाबदार हवा. आमच्या आरोग्य केंद्राच्या बैठकीत मी हे मांडलं आहे, लेखीही दिलं आहे. पुढच्या हंगामाची उचल पावसाळ्यातच वाटली जाते, त्याआधी हे व्हायला हवं.