हात बदला

कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयात पावसाळ्यातली नाइट ड्यूटी म्हटली की सर्पदंश येणारच. त्या रात्री घरच्यांनी एका तरुण बाईला उचलूनच आणलं. दिवसभर भातलावणी करून ती जमिनीवर झोपली होती. पोटात दुखतंय म्हणून जागी झाली, तर पापण्या उघडेनात. दंशाची खूण कुठेच नाही, सूज नाही. मण्यार चावली की बऱ्याचदा असंच होतं. वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त नीट गोठलं, म्हणजे रक्त गोठू न देणारं घोणस किंवा फुरसं नसावं. डॉक्टर सरांनी प्रतिविषाच्या 10 व्हायल (कुप्या) सुरू केल्या. पण मण्यारीचं विष नसांच्या टोकांनाच इजा करतं. एकदा लुळेपणा आला की प्रतिविषाने तो लगेच उतरत नाही. बघता बघता श्वास थांबला. सरांनी श्वासनलिकेत नळी टाकली. व्हेंटिलेटर जिल्हा रुग्णालयात, आणि 108 ची गाडी घाटात पडलेल्या झाडापलीकडे अडकलेली.

उरली अँब्यू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. दर पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची. ऐकायला सोपं वाटतं. थोड्या वेळाने अंगठ्याच्या मुळाशी गोळा येतो आणि बोटं वळायला लागतात. क्वार्टरमधून आलेल्या इन्चार्ज मॅडमनी घड्याळ समोर ठेवलं. "हात बदला." मला अजून जमत होतं. "जमतंय तोवरच बदलायचे," त्या म्हणाल्या. मी, सर, वॉर्डबॉय मामा, मग शिकवून बाईचा नवराही. मॅडम तिच्या कानाशी बोलत राहिल्या: "बाळा, तुला ऐकू येतंय, मला ठाऊक आहे. श्वास आम्ही देतोय. घाबरू नकोस." अशा पेशंटला डोळे उघडता येत नाहीत, बोटही हलत नाही, पण आत तो जागा असू शकतो.

त्याआधीच्या महिन्यात असाच एक पेशंट आमच्या हातात गेला होता. मला झोप लागेना, तेव्हा सगळे म्हणाले, या नोकरीत मन दगडाचं करावं लागतं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. दगड झालेली सिस्टर पेशंटच्या कानाशी बोलेल कशाला? जिथे रात्री वॉर्डात एकटीच सिस्टर असते, तिथे तिला खंबीर राहा म्हणून सांगणं मला अन्यायाचं वाटतं. तिने हात बदलायचे कुणाशी?

उजाडताना झाड हटलं, गाडी पोचली, बाई रवाना झाली. पुढच्या ड्यूटीला ओव्हर देऊन मी निघणार, तर मॅडमनी सगळ्यांना ड्यूटीरूममध्ये बसवलं. चहा आला. कुणी काय केलं, काय जड गेलं, एकेकाने सांगायचं. मध्येच कुणी सल्ला द्यायचा नाही. मामा एरवी चार शब्द बोलत नाहीत. ते म्हणाले, "तिचा नवरा मला विचारत होता, मी दाबायचा थांबलो तर ती जाईल का? मला काही उत्तरच देता आलं नाही." आणि रडायला लागले. आम्ही कुणी उठलो नाही.

मॅडमनी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. ती व्हेंटिलेटरवर होती, नाडी चांगली होती. मॅडमनी फोन मामांच्या हातात दिला. "तू नीट दाबलास रे," मामा त्याला म्हणाले, "एकदाही चुकला नाहीस."

काही दिवसांनी ती नळीशिवाय श्वास घेऊ लागली. ड्यूटीनंतरचं ते एकत्र बसणं मात्र आम्ही सुरूच ठेवलं आहे, पेशंट वाचला तरी आणि नाही वाचला तरी.