तुम्ही विचारलंत म्हणून: बॉम्ब पडलाच नाही, मग भ्यायचात कशाला?

एकाहत्तरच्या युद्धात मी मुंबईत होते असं कळलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बॉम्ब पडले का?" नाही रे बाबा, आमच्या चाळीवर काही पडलं नाही, असं म्हटलं की त्यांचा हिरमोड होतो. मग दुसरा प्रश्न येतो, "मग भ्यायचात कशाला?" त्याचं खरं उत्तर मी आजवर कोणाला दिलेलं नाही.

मी आठ वर्षांची, तिसरीत. गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. युद्ध यायच्या आधीच त्याची चाहूल घरात आली होती, तीही पोस्टाने: नोव्हेंबरपासून पत्राला शरणार्थी मदतीचं 5 पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं आणि आजी दर वेळी कुरकुरायची. 3 डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले. ते सगळं लांब उत्तरेत. पण रात्री विमानांना उजेड दिसू नये म्हणून एक-दोन दिवसांत आमच्या चाळीची तावदानं खाकी झाली. वह्यांना घालायचा कागद आईने मैद्याच्या खळीने काचांवर चिकटवला. रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे वरून निम्मे काळे रंगवलेले. अण्णा बातम्या ऐकायचे ते रेडिओवर पंचा टाकून, कारण त्याच्या पट्टीमागे दिवा लागायचा. पंच्याखालून येणारा तो दबका आवाज मला हवाई हल्ल्याच्या भोंग्यापेक्षा भयंकर वाटे.

गंमत म्हणजे दत्तजयंती नुकतीच होऊन गेली होती. खाली अख्खं शहर विझवलेलं आणि वर चंद्र लख्ख. आजी गॅलरीत उभी राहून म्हणाली, "आता त्याला कोण सांगणार, मालव म्हणून?"

आजीचा भोंग्यावर विश्वासच नव्हता. तिने 14 एप्रिल 1944 चा स्फोट अनुभवला होता. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' नावाचं जहाज पेटलं, त्यात दारूगोळा होता, कापसाच्या गाठी होत्या, सोन्याच्या विटासुद्धा होत्या. भर दुपारी चारच्या सुमाराला सगळं उडालं. जपान्यांनीच बॉम्ब टाकला असं तेव्हा लोकांना वाटलं. "तेव्हा कुठे वाजला होता भोंगा?" ती विचारायची. मग मुद्दाम माझ्याकडे बघून, "बॉम्ब मारतो तो मारतोच, पण काच त्याच्याहून वाईट." मी खिडकीजवळ बसून अभ्यास करायची बंद झाले.

शाळेत कवायत होती. भोंगा वर-खाली होत रडायला लागला की पालथं पडायचं, कानात बोटं, दातांत रुमाल. एका सुरात लांबला की संकट टळलं, उठायचं. आम्हाला त्याची मजाच वाटायची. रुमाल चावून चावून भोकं पडली म्हणून बोलणी खाल्ली, तेवढंच.

खरी भीती चाळीत होती. तळमजल्यावरचे एक काका नागरी संरक्षणाचे वॉर्डन झाले होते. एरवी मुलांच्या अध्यातमध्यात नसणारा हा माणूस शिटी मिळाल्यापासून पार बदलला. रात्री अंगणात उभे राहून ओरडायचे, "दुसरा मजला! दिवा!" की त्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांतून धावपळ आणि शेजारणींची आपसांत जुंपलेली. एकदा ते म्हणाले, "एका घराचा उजेड दिसला ना, तर अख्खी चाळ जाईल." मोठ्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या मनात ते जाऊन बसलं.

कारण मी भोक पाडलं होतं.

आईच्या केसांच्या आकड्याने, खालच्या तावदानाच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढं. बाहेर काय दिसतं ते बघायचं होतं, दुसरं काही नाही. दिसायचा समोरच्या चाळीचा कठडा आणि काळोख. त्याच रात्री खालून हाक आली, "तिसरा मजला! दिवा!" तो दिवा म्हणजे पलीकडच्या खोलीतला पेटता स्टोव्ह होता, हे लगेच कळलं. तरी माझ्या पोटात गोळा आला तो काही जाईना. दुसऱ्या दिवशी जेवताना चार शितं मुठीत लपवली आणि भोकावर चेपून बसवली. रात्री वाटायचं, वाळून पडली तर? मग अंधारात चाचपडत जाऊन बोट लावून बघायचं. चंद्र आता रोज उशिरा उगवायचा, संध्याकाळी काळोख आणखी दाट होत चालला होता. एखादा किरण बाहेर गेलाच तर तो किती लांबून दिसेल, याचा हिशेब मी पडल्या पडल्या करायचे.

आणि मग आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाल्याची बातमी आली. 9 डिसेंबरच्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात, पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला जहाज सोडून आले नाहीत, हा तपशील मी फार पुढे वाचला. तेव्हा एवढंच बघितलं की अण्णांनी पंचा काढून रेडिओ बंद केला आणि आईने वाढलेलं ताट तसंच राहू दिलं. थोड्या वेळाने मी विचारलं, "अण्णा, पाणबुडीतून किती लांबचा उजेड दिसतो?" अण्णांना वाटलं, पोरीला विज्ञानाची गोडी आहे. त्यांनी पेरिस्कोप म्हणजे काय ते हातवारे करून सांगितलं, पाटीवर आरसे काढून दाखवले. मी सगळ्याला मान डोलावली. भोकाबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

16 तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, दुसऱ्या दिवशी रात्री आठला पश्चिमेकडेही तोफा थांबल्या. चाळीत पेढे वाटले. वॉर्डन काकांना पहिला पेढा.

कागद काढायला मात्र रविवार उजाडला. खळ अशी धरून बसली होती की ओल्या फडक्याने भिजवून, सुरीने खरवडून सोडवावी लागत होती. अण्णा एकेक तावदान करत खाली आले. कोपऱ्यात सुरी अडली. त्यांनी नखाने उकरून बघितलं आणि आईला हाक मारली, "अगं, खळ संपली म्हणून भात लावलास की काय इथे?"

आई म्हणाली, "मी नाही बाई."

मी बादलीत फडकं पिळत होते, पिळतच राहिले.