रोड्सला एक दिवस: शिपवरून उतरून लिंडोस, समुद्र आणि साडेपाचच्या आत परत

२०२५ च्या सप्टेंबरात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, अकरा वर्षांचा लेक आणि माझी आई, अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सुटणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. मिकोनोस, तुर्कीतलं कुशादासी, पात्मोस, रोड्स, क्रीटचं हेराक्लिओन, सँटोरिनी आणि परत, म्हणजे कुशादासी सोडलं तर सगळी ग्रीसची बेटं. बाकी सगळीकडे चार-पाच तास मिळतात, धावत जायचं धावत यायचं, रोड्सला मात्र सकाळी सात ते संध्याकाळी सहा असा अख्खा दिवस होता. म्हटलं हा एक दिवस तरी शिपच्या टूरच्या मागे झेंड्याखाली न चालता आपला आपण काढू.

आधी व्हिसाचं सांगते, कारण इथेच आमचं सगळं बोंबललं असतं. पिरेयस म्हणजे ग्रीस, शेवटही ग्रीस, म्हणून नवऱ्याने फॉर्मवर बिनधास्त सिंगल एंट्रीवर खूण केली होती. पण मधे कुशादासी आहे ना! तुर्की शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, येत नाही, म्हणजे मिकोनोसहून तिकडे गेलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर आणि पात्मोसला परत आत. भारतीय पासपोर्टवर अशा रूटला मल्टिपल एंट्रीच लागते. रात्री अकराला फॉर्म परत वाचताना माझ्या हे लक्षात आलं, मग सगळं नव्याने भरलं आणि कव्हर लेटरमध्ये कुठल्या तारखेला शिप कुठल्या पोर्टला आहे ते ओळीने लिहून दिलं. इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा. शेंगेन हातात आल्यावर त्याच्या जोरावर तुर्कीचा ई-व्हिसा ऑनलाइन निघाला, त्याला काही त्रास नाही.

शिपवर चढल्यावर पासपोर्ट रिसेप्शनला जमा झाले आणि हातात एक प्लास्टिकचं कार्ड आलं. तेच खोलीची किल्ली, तेच पाकीट, तेच ओळखपत्र. आईचा जीव वरखाली, पासपोर्ट परक्यांच्या हातात कसा द्यायचा म्हणून. मग तिच्या पर्समध्ये झेरॉक्स घालून ठेवली तेव्हा ती शांत झाली.

आता मुद्द्याचं. शिपची टूर घेतली आणि बस रस्त्यात अडकली तर शिप थांबतं. तुम्ही स्वतःचे स्वतः गेलात आणि उशीर झाला तर शिप निघून जातं, मग पुढच्या पोर्टपर्यंत स्वतःच्या खर्चाने पोहोचा. टूरचे जास्तीचे पैसे हे खरं तर ह्या एका गोष्टीचे असतात. आम्ही चौघांचा हिशोब केला आणि एवढ्या पैशात दोन दिवस जेवू म्हणून टूर नको म्हटलं. सहाला सुटणार म्हणजे साडेपाचला सगळे आत हवेत. तिथून उलटं मोजायला सुरुवात केली: साडेचारला शहरात परत, लिंडोसहून बसला दीड तास धरायचा म्हणजे तीनच्या आत निघायचं, म्हणून दोनची बस आपली. कागदावर एकदम मस्त दिसत होतं.

रोड्सला शिप धक्क्याला लागतं, हे मोठं सुख. सँटोरिनीला तसं नाही, तिथे शिप पाण्यात उभं राहतं, छोट्या बोटीने किनाऱ्यावर जायचं आणि मग कड्यावरच्या फिरा गावात चढायला केबल कारची रांग, नाहीतर खेचर, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या. रोड्सला उतरलं की दहा मिनिटांत तुम्ही जुन्या शहराच्या तटाशी. नाइट्स लोकांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, १३०९ पासून इथे राज्य केलं आणि १५२२ मध्ये तुर्कांच्या सुलतान सुलेमानने वेढा घालून ते घेतलं. तटबंदी अजून इतकी धडधाकट आहे की लेक म्हणाला, आई हा जंजिरा जमिनीवर आणलाय.

तटाच्या कडेकडेने मांद्राकी बंदराकडे चालत गेलो. तोंडाशी दोन खांबांवर हरणं आहेत आणि सगळे तिथे पाय फाकून फोटो काढतात, कोलोसस, म्हणजे इथला प्राचीन काळचा प्रचंड पुतळा, असाच उभा होता म्हणे. ते चित्र फार नंतरच्या लोकांच्या डोक्यातलं, मूळ पुतळा इ.स.पू. २२६ च्या भूकंपातच पडला. फोटो आम्हीपण काढला. तिथेच नवऱ्याच्या फोनवर मेसेज, तुर्कीमध्ये आपलं स्वागत आहे! समोर दिसतो तो तुर्कीचा किनारा, फोनने तिकडचा टॉवर पकडला. रोमिंग पॅक फक्त ग्रीसचा घेतला असेल तर नेटवर्क हाताने निवडा, नाहीतर बिल बघून पोटात गोळा येईल.

बस स्टँड नेआ अगोरा म्हणजे नव्या मार्केटपाशी. एक नाही, दोन आहेत, पूर्व किनाऱ्याच्या गावांच्या बस एकीकडून आणि पश्चिमेच्या दुसरीकडून. आम्ही चुकीच्या रांगेत दहा मिनिटं उभे. लिंडोस पूर्वेला, साधारण पन्नास किलोमीटर. पोहायचं असेल तरी पूर्वच बरी, पश्चिमेला वारा लागतो आणि लाटा उसळतात, पूर्वेला पाणी शांत. वाटेत फालिराकी लागतं, लांबच लांब वाळू आणि गर्दी, पुढे अँथनी क्विन ह्या नटाच्या नावाची खडकाळ छोटी खाडी, आणि त्साम्बिका, जिथे खाली सोनेरी वाळू आणि वर डोंगरावर मठ. मूल व्हावं म्हणून बायका पायऱ्या चढून तिथे नवस बोलतात आणि झालं की मुलाचं नाव त्साम्बिकोस किंवा त्साम्बिका ठेवतात. हे मी बसमध्ये वाचून दाखवलं तर आई म्हणाली, म्हणजे आपल्यासारखंच की.

लिंडोसला साधारण दहाला पोहोचलो. पांढरं गाव, वर कडा, कड्यावर किल्ला आणि किल्ल्याच्या पोटात अथेना ह्या ग्रीक देवीचं देऊळ. गावात गाड्या येत नाहीत. चालायला अरुंद गल्ल्या आणि त्यात काळे-पांढरे गोटे बसवून केलेली नक्षी, हजारो पायांनी घासून इतकी गुळगुळीत झालेली की माझ्या चपला सटासट सरकत होत्या. स्पोर्ट्स शूज घाला, खरंच सांगते. वर जायला सुमारे तीनशे पायऱ्या किंवा गाढव. गाढववाल्याने आईकडे बघून अगदी प्रेमाने हात केला. आई म्हणाली, "या वयात गाढवावरून धिंड काढून घेऊ होय गं?" तिचे गुडघे पायऱ्यांना तयार नव्हते आणि मान गाढवाला, त्यामुळे ती आणि नवरा थेट खाली बीचवर गेले आणि मी लेकाला घेऊन वर.

वरचं थोडक्यात सांगते. किल्ल्याचा शेवटचा जिना सुरू होतो तिथे कातळात कोरलेला जहाजाचा मागचा भाग आहे, इ.स.पू. १८० च्या सुमाराचा, तो बघायला थांबा, सगळे धापा टाकत पुढे निघून जातात. वर जुन्या ग्रीक धाटणीचे डोरिक खांब, वारा, आणि सावली जवळपास नाहीच. पण एका कडेला खाली सेंट पॉलची खाडी दिसते, चहूबाजूंनी खडक आणि मधे निळं पाणी, अगदी तळंच वाटतं. लेकाने तिथे पंधरा मिनिटं तोंड उघडलं नाही, जे घरी झोपेतसुद्धा होत नाही. अकरानंतर टूरचे ग्रुप चढायला लागले, तेव्हा आम्ही उतरत होतो ते बरं झालं.

बीचवर आलो तर आई गुडघाभर पाण्यात, साडी खोचून. आई मूळची गुहागरची, समुद्र तिला नवीन नाही, पण ती वैतागली होती. "अगं मी तासभर बघतेय, पाणी आहे तिथेच आहे. ओहोटी लागते कधी इथे?" लागतच नाही गं, म्हणजे लागते पण वीतभर. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावालाच. तिच्या हिशोबाने हा समुद्रच नाही. त्यात पाणी आपल्यापेक्षा खारट आणि इतकं स्वच्छ की पायाची नखं दिसत होती. लेक उताणा पडला की आपोआप तरंगत होता. वाळू बारीक आहे, लहान मुलांना उत्तम. सनबेड-छत्रीचे पैसे लागतात, पण आम्ही एका कडेला शिपवरचे टॉवेल टाकून बसलो, कोणी काही बोललं नाही.

मग जेवण, आणि तिथेच घोळ झाला. मेन्यूत पितारुदिया दिसलं, रोड्सचा खास पदार्थ, हरभरे वाटून कांदा-पुदिना घालून तळलेले वडे. आईने एक तोडला, वास घेतला आणि म्हणाली, "भजी आहेत. मीठ बरोबर आहे." तीन दिवस ब्रेड-चीजवर काढलेल्या बाईला भजी मिळाली! दुसरी प्लेट आली, तिसरी आली, लेक परत पाण्यात गेला, नवरा झोपला आणि दोनची बस गेली. घड्याळ माझ्याच हातात होतं, तेव्हा कुणाला बोलायची सोय नाही.

पुढची बस तीनची. पावणेतीनला स्टॉपवर गेलो तर तिथे निम्मं लिंडोस उभं. बस आली ती भरलेलीच, सात-आठ जण आत गेले आणि दार बंद. आई शांतपणे म्हणाली, "बोट गेली तर विमानाने जाऊ. भारत काय पळून जात नाही." पासपोर्ट शिपवर आहेत हे मी तिला सांगितलं नाही. चौकात टॅक्सी होत्या, गावागावांचे दर बोर्डवर लिहिलेले, घासाघीस नाही. बसच्या तिकिटापेक्षा कितीतरी पट पैसे गेले, म्हणजे सकाळी वाचवलेले बरेचसे परत गेले, पण सव्वाचारला आम्ही तटाच्या दाराशी होतो.

हातात तासभर होता. लेकाला एल्ली बीचवर जायचं होतं, मांद्राकीच्या पलीकडे, पाण्यात, इथे इटलीचं राज्य होतं तेव्हाचा, उड्या मारायचा प्लॅटफॉर्म आहे म्हणून. तिथे वाळू नाही, खडे आहेत, उन्हात तापतात, वॉटर शूज लागतात आणि पाणी लगेच खोल होतं. ज्यांच्या बरोबर म्हातारी माणसं असतील आणि लिंडोसची दगदग नको असेल त्यांनी सरळ एल्ली करावं, पोर्टवरून चालत वीस-पंचवीस मिनिटं, बस नाही टॅक्सी नाही. आम्ही मात्र ओले कपडे अंगावर घेऊन नाइट्सच्या रस्त्यावरून वर आणि खाली एक चक्कर मारली, दगडी भिंती, थंडगार सावली, आणि पाच वाजून दहाला गँगवेवर, म्हणजे शिपवर चढायच्या पुलावर, कार्ड टेकवलं.

बिलात पोर्टचे कर वेगळे दिसतात तेही सांगून ठेवते. २०२५ च्या जुलैपासून ग्रीसने क्रूझवाल्यांवर माणशी कर लावलाय, जून ते सप्टेंबर मिकोनोस आणि सँटोरिनीला २० युरो आणि रोड्ससारख्या बाकी पोर्टला ५. चौघांचा बेरजेचा आकडा बघून नवऱ्याने चष्मा पुसून परत बघितला.

सहाला पाच मिनिटं असताना आम्ही डेकवर होतो. खाली धक्क्यावरून एक जोडपं पळत येत होतं, बाईच्या हातात चपला, आणि वरून सगळं शिप टाळ्या वाजवत होतं. ते चढले. आईने टाळ्या वाजवल्या नाहीत, माझ्याकडे फक्त बघितलं आणि म्हणाली, उद्या हेराक्लिओनला तुम्ही जा, मी इथेच बसते, पोर्ट लागलं की खिडकीतून दिसेलच.