कोल्हापूरचं जिगसॉ: चित्रात काय हवं, तुम्ही सांगा

पुढचं जिगसॉ कोल्हापूरचं, ५०० तुकड्यांचं. अंबाबाईचं देऊळ, १८८४ चा न्यू पॅलेस आणि रंकाळा ठरलेच आहेत. अडलंय ते मधल्या जागेत. रंकाळ्याचं पाणी आणि वरचं आभाळ मोकळं सोडलं, तर शंभरेक तुकडे नुसते निळे निघतात आणि लावणारा कंटाळून खोकं बंद करतो. प्रत्येक तुकड्यावर नजर अडकायला काहीतरी हवं: चपलेची वेणी, घंटेची दोरी, म्हशीचं शिंग.

हो, म्हैस हवीच! गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात, ते मी डाव्या कोपऱ्यात रेखाटलंय. खासबागेत कुस्ती रंगलेली दाखवायची की नुसती लाल माती, यावर घरात एकमत नाही. मला मैदान भरलेलं हवंय. शाहू महाराजांनी ते बांधलं ते गर्दीसाठीच.

आता तुमच्या गल्लीतलं सांगा. पेठ कुठली, कोपऱ्यावर काय आहे, संध्याकाळी कट्ट्यावर कोण बसतं. जुना फोटो पाठवा, पोरांनी काढलेलं चित्रही चालेल. ज्यांनी सुचवलेलं चित्रात येईल, त्यांची नावं खोक्याच्या झाकणाआत छापणार आहे.