गणपतीतल्या फॅन्सी ड्रेससाठी डोरेमॉनचं डोकं

जपानी कार्टून मालिकेतल्या डोरेमॉनला कान नसतात. तरीही तयार पोशाखांमध्ये दोन निळे त्रिकोणी कान हमखास दिसतात, कारण शिवणाऱ्याला कुणीतरी 'मांजर आहे' एवढंच सांगितलेलं असतं. मांजर खरंच, पण यंत्रमानव मांजर, आणि त्याचे कान यांत्रिक उंदरानं कुरतडलेत. म्हणून तर तो उंदीर दिसला की पळत सुटतो. ही गोष्ट पहिलीतल्या पोरालाही पाठ असते. आपल्याकडे ही मालिका २००५ पासून हिंदीतून दिसतेय आणि तेव्हा शाळेतून आल्याआल्या टीव्ही लावणारी मुलं आता स्वतः आईबाबा झाली आहेत. म्हणजे सोसायटीच्या मांडवात बसलेल्या दोन पिढ्यांना डोरेमॉन कसा दिसतो हे नेमकं माहीत असतं. चुकीचा डोरेमॉन तिथे चालत नाही.

पोशाखातली सगळी मेहनत डोक्यावर घाला. अंगाला साधा निळा पायजमा-सदरा असला तरी डोकं जमलं की समोरचा लगेच ओळखतो. उलट अंग कितीही छान शिवलं आणि वर पुठ्ठ्याचा चपटा मुखवटा बांधला, तर तो डोरेमॉनचा फोटो होतो, डोरेमॉन होत नाही. दुसरी अट माझ्या मते पहिलीपेक्षा मोठी आहे: आत मूल आहे. त्याला दिसलं पाहिजे आणि श्वास घेता आला पाहिजे. भाद्रपदातल्या मुंबईच्या दमट हवेत तर जास्तच.

मापापासून सुरुवात करू. डोरेमॉनची अधिकृत उंची १२९.३ सेंटिमीटर, वजन १२९.३ किलो, छातीचा घेरही १२९.३ सेंटिमीटर. उंचीचा आकडा डोरेमॉन रेखाटला गेला त्या काळच्या जपानमधल्या चौथीच्या मुलांच्या सरासरी उंचीचा. आपल्या कामात हा आकडा फार सोयीचा पडतो. पहिली-दुसरीतलं १२० सेंटिमीटर उंचीचं मूल घ्या. त्याची हनुवटी जमिनीपासून साधारण १०० सेंटिमीटरवर येते. हनुवटीपासून वर २८-२९ सेंटिमीटरचं डोकं बसवलं की एकूण उंची १२९ च्या आसपास भरते, म्हणजे जवळजवळ खऱ्या मापाचा डोरेमॉन. खाली दिलेली मापं याच हिशोबाची आहेत.

डोक्यासाठी गादीचा फोम घ्या, जाडी अर्धा इंच, घनता ३२ किंवा ४० (किलो प्रति घनमीटर). तीन बाय तीन फुटांचा तुकडा पुरतो आणि दोन-चार तुकडे बिघडले तरी उरतो. सोफे-गाद्यांचा फोम विकणारा कुठलाही दुकानदार कापून देतो. चपलांच्या तळव्याला वापरतात ती ईव्हीए शीट बरेच जण सुचवतात. चिलखत, तलवार असं काही करायचं तर ती उत्तम, पण तिच्यातून हवा अजिबात जात नाही आणि पडल्यावर ती कडक लागते. लहान मुलाच्या डोक्याला गादीचा फोमच बरा.

गोल डोकं करायचं म्हणजे घागऱ्यासारख्या आठ कळ्या कापून जोडायच्या. कळीचा नमुना आधी जाड कार्डशीटवर काढा. मधोमध उभी रेघ मारा. तिच्यावर एक आडवी रेघ घ्या, हा डोक्याचा सगळ्यात रुंद भाग: इथे कळीची रुंदी १३.४ सेंटिमीटर. आता वर सरकत जा. ६ सेंटिमीटरवर रुंदी १२.४, १२ सेंटिमीटरवर ९.५, १८ वर ५.१ आणि २४ वर शून्य. हे बिंदू हातानं गोलसर वळणानं जोडा. पट्टी लावून सरळ रेघेनं जोडायचा मोह होतो आणि बहुतेकांचं डोकं तिथेच बिघडतं: सरळ कडांच्या कळ्या जोडल्या की मधे धारदार कंगोरा येतो आणि शेंड्याला लिंबासारखं टोक निघतं. आडव्या रेघेच्या खालची बाजूही अशीच काढा, पण १३.५ सेंटिमीटरवर आडवी कापून टाका. तिथे रुंदी साडेआठच्या आसपास असते, आठ कळ्यांचा मिळून घेर ६८ आणि भोकाचा व्यास सुमारे २२. मुलाचं डोकं इथून आत जातं. या मापानं डोकं बाहेरून साधारण ३६ सेंटिमीटर रुंद आणि जरा बसकं होतं. ते तसंच हवं, डोरेमॉनचं डोकं पूर्ण चेंडूसारखं नाही.

फोमवर नमुना बॉलपेननं उतरवा आणि दर ६ सेंटिमीटरवर कडेला खुणा करा. कापताना कटरला नवीन पातं लावा, फोम दाबू नका. फोम दबला की वरची कड आणि खालची कड वेगवेगळ्या जागी कापली जाते आणि जोड उघडा राहतो. पातं उभं धरून दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापा.

चिकटवायला सुतार सनमाइकासाठी वापरतात तो सिंथेटिक रबरचा गोंद घ्या, फेविकॉलचा एसआर ९९८ सगळीकडे मिळतो. पांढरा फेविकॉल इथे कामाचा नाही. तो फोमात मुरतो आणि वाळल्यावर कडक रेघ होऊन बसतो. दोन्ही कडांना पातळ हात द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोट लावल्यावर गोंद बोटाला आला नाही की मगच कडा जुळवून दाबा. एकदा टेकली की कड सरकवता येत नाही, म्हणून त्या ६ सेंटिमीटरच्या खुणा. आधी दोन-दोन कळ्या, मग चार-चार, शेवटी दोन अर्धी डोकी एकमेकांना जोडा. शेंड्यावर आठ टोकं एकत्र येतात तिथे कितीही जपलं तरी गाठ होते. टोकांचे दोन सेंटिमीटर कापून तिथे गोल चकती बसवलेली बरी.

पावसाळ्यात हाच गोंद दगा देतो. त्यातला द्रव उडताना कड थंड पडते, दमट हवेतलं पाणी तिच्यावर धरतं आणि गोंदावर पांढुरका थर येतो. तो थर आला की जोड दिसायला लागल्यासारखा, म्हणजे चिकटलेला वाटतो, पण दुसऱ्या दिवशी उकलतो. मुसळधार पाऊस चालू असताना हे काम काढू नका. उघाडीची दुपार बघा आणि खिडक्या उघडून पंखा लावा. पांढुरका थर आलाच तर पूर्ण वाळू द्या आणि वरून पुन्हा एक पातळ हात द्या. या गोंदाची वाफ पेट घेते. जवळ गॅस, समई, उदबत्ती काहीही नको, ओल्या गोंदावर हेअर ड्रायर तर मुळीच नको. मूल त्या खोलीत नसावं, आणि डोकं पूर्ण झाल्यावर निदान दोन दिवस वाऱ्यावर ठेवून वास गेल्याशिवाय मुलाच्या डोक्यावर चढवू नये. म्हणजे काम चतुर्थीच्या आदल्या रात्री सुरू करण्यासारखं नाही, तीन आठवडे हातात ठेवा.

आत मुलाचं सायकलचं हेल्मेट बसवा आणि फोमच्या ठोकळ्यांनी चारही बाजूंनी घट्ट करा. हेल्मेट नसेल तर मूल मान वळवतं आणि डोरेमॉन समोरच बघत राहतो. हनुवटीचा पट्टा चालू असला पाहिजे. सगळं धरून वजन ७०० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघा.

आता दिसण्याचं. मुलाचे डोळे डोरेमॉनच्या डोळ्यांच्या जागी येत नाहीत, तोंडाच्या जागी येतात. खालच्या कडेपासून ६ ते १२ सेंटिमीटरच्या पट्ट्यात १८ सेंटिमीटर रुंद हसतं तोंड कापा. तिथे आतून काळी मच्छरजाळी लावा. काळीच. पांढऱ्या जाळीवर स्टेजचा उजेड पडला की आतल्याला नुसता पांढरा पडदा दिसतो. काळ्या जाळीतून आतून सगळं दिसतं आणि बाहेरून तोंड पोकळ, गडद वाटतं. लाल जीभ कापडाची करा आणि तोंडाच्या अगदी खालच्या कडेला ठेवा, नाहीतर अर्धी नजर तीच अडवते. एवढं करूनही मुलाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. स्टेजच्या पायऱ्या चढता-उतरताना मोठ्या माणसानं हात धरायचाच.

हवेसाठी डोक्याच्या मागच्या बाजूला, शेंड्याच्या जरा खाली, चार सेंटिमीटरचं भोक पाडून ५ व्होल्टचा ४० मिलिमीटरचा छोटा पंखा बसवा. पंख्याचं तोंड असं ठेवा की तो आतली हवा बाहेर फेकेल. गरम हवा वरून निघते आणि ताजी हवा तोंडाच्या जाळीतून आत येते. पंख्याला आतून जाळी हवीच, केस अडकतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पंखा घेताना व्होल्ट बघून घ्या, १२ व्होल्टचा पंखा पॉवर बँकेवर नुसता रेंगाळतो. शिवाय बऱ्याच पॉवर बँका एवढ्या कमी विजेला 'काहीच जोडलेलं नाही' समजतात आणि थोड्या वेळात आपोआप बंद होतात. घरी पंधरा मिनिटं चालवून खात्री करा. पॉवर बँक डोक्यात नाही, कमरेच्या पिशवीत. आणि पंखा असला तरी दहा मिनिटांनी डोकं उतरवायचं. नंबर येईपर्यंत मूल डोक्याशिवायच बसवा.

वरून ताणाचं लायक्रा चढवा. त्याच कळीच्या नमुन्यानं, पण रुंदीला अर्धा सेंटिमीटर कमी कापून टोपी शिवा, ओढून चढवा आणि खालून आत दुमडून हातानं टाके घाला. रबरचा गोंद कापडाला लावू नका, काही दिवसांत पिवळे डाग वर येतात. निळा रंग मंगलदास मार्केटला किंवा हिंदमाताला, म्हणजे मुंबईच्या कापडबाजारात, दुकानाबाहेर नेऊन दिवसाच्या उजेडात बघा: रॉयल ब्लू फार गडद, आकाशी फार फिका, मधला हवा. चेहऱ्याचं पांढरं कापड दुहेरी घ्या, एकेरीतून खालचा निळा डोकावतो आणि डोरेमॉन आजारी दिसतो.

चेहऱ्यात सगळ्यात जास्त चुकतात ते डोळे. ते एकमेकांना चिकटलेले, उभट अंडाकृती असतात, साधारण ९ सेंटिमीटर उंच आणि साडेसात रुंद, आणि पांढऱ्या चेहऱ्याच्या वरच्या कडेवरून निळ्यात घुसलेले. माणसासारखे लांब-लांब लावले की लगेच दुसरंच कुणीतरी दिसायला लागतं. बुबुळं छोटी आणि मधल्या बाजूला सरकलेली. दोन डोळे खाली जिथे मिळतात तिथे लाल नाक, ५ सेंटिमीटरचा स्पंजचा चेंडू अर्धा कापून लावा. नाकापासून तोंडापर्यंत एक काळी उभी रेघ. मिशा दोन्हीकडे तीन-तीन: मधली आडवी, वरची वर झुकलेली, खालची खाली. मिशांना तार वापरू नका, गर्दीत दुसऱ्या मुलाच्या डोळ्यात जाते. काळी लोकर शिवून टाका.

अंगाचं थोडक्यात. चित्रात डोकं जवळजवळ अर्ध्या उंचीचं असतं, आपल्या मुलात ते पाव भागापेक्षा जास्त होत नाही. म्हणून पाय आखूड भासवायचे: पायजम्याचं आसन गुडघ्यापर्यंत खाली आणा आणि पोटाला आतून फोमची एक पट्टी फिरवा. लाल पट्टा डोक्याला नाही, सदऱ्याच्या गळ्याला शिवा, घंटा पिवळी आणि हलकी. पोटावरचा अर्धगोल खिसा २० सेंटिमीटरचा, आणि तो खरा उघडा ठेवा. त्यातून बॅम्बू कॉप्टर (डोक्यावर लावून उडायचा त्याचा छोटा पंखा) काढून डोक्यावर लावला की पुढच्या रांगेतली पोरं ओरडतातच. हातमोजे गोल मुठीचे हवेत, पण तळव्याकडून एक चीर ठेवा, म्हणजे ते न काढता बाटली धरता येते.

सोसायटीत, शाळेच्या गॅदरिंगला हे सगळं हौसेनं करायला हरकत नाही. पण पोशाख भाड्यानं द्यायचा, वाढदिवसाला पैसे घेऊन पाठवायचा, तर पात्राचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते.

कार्यक्रम झाल्यावर टोपी उसवून धुवा आणि फोम सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हात गादीचा फोम पिवळा पडतो आणि पुढे त्याचा भुगा व्हायला लागतो. कपाटात ठेवताना आत बीच बॉल फुगवून भरा आणि वर सुती पंचा टाका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. दमट हवेत पिशवीच्या आत बुरशी धरते आणि तो वास पुढच्या वर्षीपर्यंत जात नाही.