एडिनबराच्या बागेतला किल्ल्याकडे बघणारा सैनिक (बाबांसोबतची ट्रिप)

मे महिन्यात आईबाबा आले होते तेव्हा दोन दिवस एडिनबरा केलं. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेत त्यामुळे मी ठरवलंच होतं की किल्ल्याच्या आधी त्यांना प्रिन्सेस स्ट्रीट गार्डनमधलं स्कॉटिश अमेरिकन मेमोरियल दाखवायचं. आपले बरेच लोक किल्ला आणि त्याच्याकडे जाणारा जुना रस्ता, रॉयल माईल, करून परत जातात आणि हे राहूनच जातं, कारण वरच्या रस्त्यावरून ते समोरून दिसतच नाही, खाली बागेत उतरावं लागतं.

पहिल्या महायुद्धातल्या स्कॉटिश सैनिकांसाठी अमेरिकेतल्या स्कॉटिश वंशाच्या लोकांनी पैसे जमवून १९२७ मध्ये हे उभं केलं. किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागऱ्यासारखा पोशाख) घातलेला एक तरुण पोरगा, मांडीवर रायफल, आणि नजर वर समोरच्या किल्ल्याकडे. मागच्या भिंतीवर ब्राँझमध्ये कोरलेली लांबच लांब रांग आहे, बॅगपाइपवाल्यांच्या मागे आपापलं काम टाकून निघालेली साधी माणसं आणि चालता चालता त्यांचेच शिपाई होतात. एकेक चेहरा बघत चाला, मला तर हा भाग पुतळ्यापेक्षा जास्त आवडला.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे हा अजून गेलेला नाही, निघायच्या आधी बसलाय." आणि मग साताऱ्याकडच्या गावांतल्या त्या दगडी पाट्यांबद्दल सांगत बसले, १९१४ ते १९१९ च्या लढाईत या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढंच लिहिलेलं असतं, नावं नाहीत, नुसते आकडे. मी लहानपणापासून तसल्या पाटीवरून ये-जा केलीय पण ती माणसं दिसायची कशी हा प्रश्न मला त्या भिंतीसमोर पहिल्यांदा पडला.

स्मारकावर ज्या कवितेच्या ओळी कोरल्या आहेत तिचा कवी युअर्ट अॅलन मॅकिंटॉश, जन्म ब्रायटनचा पण घराणं स्कॉटिश, १९१७ मध्ये फ्रान्समधल्या कॅम्ब्रेच्या लढाईत गेला, वय २४. आणि शिल्पकार रॉबर्ट टेट मॅकेंझी, कॅनडात जन्मलेला, पेशाने डॉक्टर. आपलं हृदय या पुतळ्यापाशी पुरावं अशी त्याची इच्छा होती, ते जमलं नाही म्हणून शेजारच्या सेंट कथबर्ट चर्चच्या आवारात पुरलं. तिथेही जाऊन या, दोन पावलांवर आहे.

जाणाऱ्यांसाठी सांगते, वेव्हर्ली स्टेशनवरून चालत पंधराएक मिनिटं, एअरपोर्टवरून आलात तर ट्रामने प्रिन्सेस स्ट्रीटला उतरा. तिकीट नाही. बागेची गेटं अंधार पडायला लागला की बंद होतात, मी आधी एकदा डिसेंबरमध्ये चारनंतर पोचले आणि बाहेरूनच परत फिरले, तेव्हा हिवाळ्यात सकाळीच जा. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर पायऱ्यांऐवजी उताराचा रस्ता घ्या, आईला तोच बरा पडला. छत्रीपेक्षा टोपीवालं जॅकेट घ्या, वारा फार. रविवार, गुड फ्रायडे आणि ख्रिसमस सोडून रोज दुपारी एकला किल्ल्यावरून तोफ उडते, पाच मिनिटं आधी पुतळ्याजवळच्या बाकावर बसा.

वेळ उरला तर ओल्ड कॅल्टन कब्रस्तानात अमेरिकन यादवी युद्धात लढलेल्या स्कॉटिश सैनिकांचं १८९३ चं स्मारक आहे, वर लिंकनचा पुतळा. आम्ही तिथे दुसऱ्या दिवशी गेलो, पण जायच्या आधी बाबांना परत एकदा त्या पोराला बघायचं होतं.